पापुद्र्याखालचं तूप

माझ्या मुलाचं वजन मी वाढवलं आणि त्याचा ठपका माझ्या सुनेवर बसला. ही गोष्ट सांगायची मी सहा वर्षं टाळत आलो आहे. आजसुद्धा हे पहिलं वाक्य लिहून मी तीनदा उठलो. एकदा गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालायला, एकदा पाणी जास्त झालं का ते बघायला आणि एकदा सून स्वयंपाकघरात काय करते आहे ते पाहायला. ती भाकऱ्या थापते आहे. म्हणजे वेळ थोडा आहे.

आधी घराण्याचा इतिहास सांगतो, म्हणजे पोटाचा. आम्ही मूळचे लोणी काळभोरचे. माझे वडील सकाळी चार आणि संध्याकाळी चार भाकऱ्या खायचे आणि अंगानं काठीसारखे होते. त्या आठही भाकऱ्या बैलांमागे चालण्यात आणि उसाला पाणी देण्यात जिरून जायच्या. मी पुण्यात सरकारी कचेरीत कारकून झालो. सायकलनं जायचो, तोवर तीन भाकऱ्या पचायच्या. मग स्कूटर आली. भाकऱ्या तीनच राहिल्या. माझा मुलगा संदीप कंप्यूटरच्या कंपनीत लागला. तो घरातून लिफ्टमध्ये, लिफ्टमधून गाडीत आणि गाडीतून खुर्चीत जातो. भाकऱ्या तीनच, शिवाय चार वाजता वडापाव, शिवाय संध्याकाळी फोनवरून मागवलेलं चौकोनी खोक्यातलं काहीतरी. आम्ही रान बिल्डरला दिलं, बैल विकले, हडपसरला पाचव्या मजल्यावर येऊन राहिलो, पण ताट काही कोणी लहान केलं नाही. ते वडिलांचंच होतं. पितळेचं, कडेला नाव कोरलेलं, परातीची धाकटी बहीण शोभेल असं.

शिवाय आमच्या घरात बारीक असणं म्हणजे एकतर आजार, नाहीतर दुष्काळ. माझ्या आईनं एका दुष्काळात स्वतःची भाकरी आम्हा भावंडांत वाटलेली मी पाहिली आहे. तेव्हापासून माया दाखवायची एकच रीत आम्हाला येते, ती म्हणजे आणखी वाढणं. ‘नको’ म्हटलं की आमच्याकडे अर्धी भाकरी येते. (नुसतं गप्प बसलं तर पूर्ण.)

तर अडतिसाव्या वर्षी एक दिवस लिफ्ट बंद पडली आणि संदीप दुसऱ्या मजल्यावरच जिन्यात बसला. शेजारच्यांनी त्याला पाणी दिलं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, “साखर काठावर आहे. सहा महिन्यांत दहा किलो उतरवा, नाहीतर गोळ्या सुरू. निवड तुमची, प्रिस्क्रिप्शन माझं.”

सून, पल्लवी, बँकेत अधिकारी आहे. तिनं घर हातात घेतलं. पितळी ताट माळ्यावर गेलं आणि बशीएवढी ताटली आली. स्वयंपाकघरात छोटा काटा आला. तेल चमच्यानं, भात वाटीनं, शेंगदाणे मोजून. तिची शाखा पिंपरीला, त्यामुळे स्वयंपाक उरकून पावणेआठला ती बाहेर पडायची. संदीप दहाला जायचा. मधल्या वेळात त्याचा डबा भरणं हे काम माझ्याकडे आलं.

“अण्णा, दोन भाकऱ्या, पालेभाजी आणि काकडी. भाकरी कोरडीच हं.”

“हो, कोरडीच,” मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

तीन दिवस मी प्रामाणिक राहिलो. चौथ्या दिवशी त्या दोन कोरड्या भाकऱ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आता ज्वारीची भाकरी चांगली फुगली की तिचा वरचा पापुद्रा सुटतो, हे मी सांगायला नकोच. तो अलगद उचलायचा, आत चमचाभर तूप सोडायचं आणि दोन बोटांनी दाबून परत बसवायचा. वरून भाकरी साधूसारखी विरक्त दिसते. पहिल्या आठवड्यात एक चमचा होता. दुसऱ्या आठवड्यात तोच चमचा मला लहान वाटायला लागला, म्हणून मी पळी घेतली.

संदीपला ते कळत होतंच, जीभ होती त्याला. पण त्याला वाटायचं, बायकोला दया आली असावी, उगाच विचारून ती घालवा कशाला! तो गुपचूप खायचा.

आता दुसरा गुन्हा. एका सकाळी मी फिरायला निघालो, तर संदीप मनगटावरचं घड्याळ काढत आला.

“अण्णा, चाललातच आहात ना, मग हे तेवढं हातात घाला.”

“कशाला?”

“पावलं मोजतं. पल्लवी संध्याकाळी बघते. मला मीटिंग आहे आणि तुमची पावलं तशीही वायाच जातात.”

मी घातलं. कालव्याच्या कडेनं गेलो आणि आलो. दारात पोचलो तर घड्याळ थरथरलं आणि त्यानं माझं अभिनंदन केलं! पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझं अभिनंदन कोणी केलं नव्हतं. मी चप्पल न काढता परत खाली गेलो. तेव्हापासून ते घालून मी सकाळ-संध्याकाळ चालायला लागलो. चालत मी होतो, खात तो होता. दोन महिन्यांत माझ्या पँटचा कमरेचा भाग आवळून घ्यावा लागला.

डॉक्टरांनी वजन घेतलं. मग चष्मा पुसून पुन्हा घेतलं.

“रोज चौदा हजार पावलं, दुपारी दोन कोरड्या भाकऱ्या आणि तीन किलो वर. संदीपराव, तुम्ही हवा खाऊन वाढता का?”

थायरॉइड तपासलं. ते ठणठणीत निघालं. मी म्हणालो, “स्वयंपाकघरातला काटा बिघडला असेल.” पल्लवीनं त्याच दिवशी नवा काटा आणला. पुढच्या खेपेला आणखी दोन किलो. तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, “घरात जेवणखाण कोण बघतं?”

सगळ्यांनी पल्लवीकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

माझी बायको सुमन म्हणाली, “मी काही बोलत नाही.” आणि त्यानंतर ती पाऊण तास बोलली. लोणीला सत्यनारायणाच्या जेवणाला गेलो, तर माझी थोरली बहीण, आक्का, भर पंगतीत म्हणाली, “सूनबाई, दिवसभर ब्यांकेत बसल्यावर नवऱ्याच्या ताटाकडं कोन बघनार? पोरगं पार फुगलंय की.” हे म्हणताना तिनं संदीपच्या पानात चौथी जिलबी वाढली. पल्लवीनं मान खाली घातली. माझा घास तिथंच अडकला, पण मी तो पाण्यानं उतरवला.

त्याच महिन्यात पल्लवीला बढती आली. साताऱ्याच्या शाखेची व्यवस्थापक. आठवडाभर तिकडे राहायचं, शनिवारी घरी यायचं. आठ वर्षं ती त्या खुर्चीची वाट बघत होती. संदीप म्हणाला, “घे की, मी राहीन नीट.” ती म्हणाली, “मी इथे असताना तू असा आहेस, तिकडे गेले तर लोक मला काय म्हणतील?”

त्या संध्याकाळी मी ठरवलं, आता सांगायचं. स्वयंपाकघराच्या दारात गेलो. बाहेर आलो. परत गेलो.

“काय झालं, अण्णा? सारखे येरझारा घालताय.”

“पल्लवी, ते तुपाचं...”

“तुपाचं काय?”

“तूप संपलंय.”

“संपलं? अहो, घरात तूप खातं कोण?”

“देवाच्या दिव्याला लागतं.”

“महिन्यात दोन किलो?”

“वात जरा जाड आहे,” मी म्हणालो.

तिनं बढती नाकारली आणि वर तीन महिने बिनपगारी रजा घेतली. डबा स्वतः भरायला लागली. संध्याकाळी संदीपला हाताला धरून कालव्यावर न्यायला लागली, त्यामुळे घड्याळही माझ्या हातून सुटलं. वजन सरसर उतरलं. गोळ्या टळल्या. सगळे खूश झाले, आणि सगळ्यांनी एकच वाक्य म्हटलं, “बघ, तू लक्ष दिलंस तर उतरलं की!”

हे वाक्य गेली सहा वर्षं आमच्या घरात पाहुण्यांना चहाबरोबर दिलं जातं. पल्लवी अजून पिंपरीलाच आहे. काल सुमननं शेजारणीला ते पुन्हा ऐकवलं, तेव्हा पल्लवी समोर बसून मटार सोलत होती. तिनं वर पाहिलं नाही. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

इथवर लिहून मी पेन ठेवलं. संदीप आणि सुमन बाजारात गेले होते. रिकाम्या हातानं माफी मागायला कसं जायचं, म्हणून सकाळीच पाव किलो पेढे आणून ठेवले होते. ते घेऊन आत गेलो.

“हे काय, अण्णा?”

“पेढे.”

“कशाबद्दल?”

“असंच.”

तिनं सवयीनं पुडा काट्यावर ठेवला. “दोनशे तीस ग्रॅमच दिलेत,” म्हणाली आणि तो बाजूला सारला. “बसा, भाकरी गरम आहे.”

मी बसलो. समोर वडिलांचं पितळी ताट आलं. माळ्यावरून ते कधी उतरलं होतं कोण जाणे. तिनं भाकरी ठेवली, पापुद्रा अलगद उचलला, आत चमचाभर तूप सोडलं आणि दोन बोटांनी दाबून परत बसवला.

मी हात मागे घेतला.

“कधी कळलं तुला?”

“रजेच्या पहिल्याच दिवशी. डबा मी भरला होता. संध्याकाळी घरी येऊन संदीप म्हणाला, आज तूप घालायला विसरलीस का?” ती तव्यावरची भाकरी उलटत होती. “तोवर साताऱ्याला दुसरे साहेब रुजू झाले होते.”

“मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?”

“मला वाटलं, तुम्हीच बोलाल.” तिनं भाजी वाढली. “खा आता, गार होतंय.”

माफीचा शब्द माझ्या अगदी ओठांवर आला होता. पण भाकरी गार होत होती, म्हणून आधी मी एक घास घेतला. आणि तोंडात घास असताना बोलायचं नाही, ही आमच्या वडिलांची शिस्त. तो घास संपेपर्यंत मी दुसरा घेतला होता. तिनं दुसरी भाकरी पुढे केली, तेव्हा मी नुसती मान हलवून ‘नको’ म्हणालो.

तिनं अर्धी वाढली.