चार रकान्यांचे टॅब

"कुणाच्या हाताला खाज सुटली होती? टॅब कुणी काढले? बोला की!"

सर ओरडायले होते. परभणीच्या परीक्षा केंद्राचा व्हरांडा, सकाळची वेळ, आणि आवाज असा की तिकडं पूर्णा जंक्शनावर ड्रायव्हरनं गाडी थांबवली असेल.

सर म्हणजे सेलूच्या आमच्या टायपिंग क्लासचे मालक, मास्तर आणि मेकॅनिक. तेव्हा सरकारी परीक्षेला मशीन आपलं आपणच न्यावं लागे. आमच्या मशीनवर दोघं होतो. पहिल्या तुकडीत वालूरच्या ताई, दुसऱ्या तुकडीत मी. ताई बालवाडी शिकवून रोज एसटीनं यायच्या, आल्या आल्या सगळ्यांना जयभीम घालायच्या आणि मग तासभर तोंड बंद, बोटं चालू.

माझी ही तिसरी खेप होती. जिंतूरच्या एका सरकारी कचेरीतून पत्र आलं होतं, की मराठी टायपिंगचं, मिनिटाला तीस शब्दांचं प्रमाणपत्र आणा, नाहीतर यादीतला पुढचा माणूस घेऊ. तो पुढचा माणूस मला स्वप्नात दिसायचा. माझ्या खुर्चीवर बसून माझाच चहा प्यायचा.

दोन्ही वेळा मला तक्त्यानं बुडवलं होतं. तक्त्यात रकाने एकाखाली एक यावे लागतात. त्यासाठी मशीनवर जागोजागी टॅब लावायचे, म्हणजे टॅबची कळ दाबली की मशीनची कागद धरणारी गाडी पळत जाऊन नेमकी तिथं थांबते. हे लावणं मला येत नव्हतं, कारण सर कुणाला शिकवतच नसत. परीक्षेच्या आदल्या दिवशी ते स्वतः चार रकान्यांचे टॅब लावत, मशीनला कुंकू लावून नारळ फोडत आणि चादरीत गच्च गाठ मारत. मग हात लावायचा नाही. तक्ता चार रकान्यांचाच येतो, अशी त्यांची श्रद्धा होती. दोन्ही वेळा पाच रकान्यांचा आला, तरी श्रद्धा जागची हलली नाही.

त्या दिवसांत विद्यापीठाच्या नावावरून जिल्हा तापलेला. एसटी कधी बंद होईल याचा नेम नव्हता, म्हणून मशीन पॅसेंजरनं निघालं, माझ्या मांडीवर. वजन म्हणाल तर व्यालेल्या म्हशीएवढं. गाडी वेगात आली की इंजिन मागं ओढलं जायचं, इतकं. सर आणि ताई पलीकडच्या डब्यात. मला चैन पडेना. खिडकी उघडली, लावली. पत्र तीनदा वाचलं. शेवटी चादरीखाली हात घालून उगीच टॅबची कळ दाबली.

मशीनची गाडी सुटली ती थेट टोकाला. शेजारी बसलेल्या पाटलांच्या बरगडीत ठोसा!

"आवं, जनावर हाय का काय ह्या गाठोड्यात?"

मागं ढकलून पुन्हा दाबली. पुन्हा टोकाला, पुन्हा पाटील. मधे एकही टॅब नाही! माझ्याच बोटांनी काहीतरी मोडलं, यात मला तिळभर शंका नव्हती.

तर व्हरांड्यात सर ओरडायले होते आणि माझं तोंड माझ्या आधी बोललं.

"शेळी, सर."

"काय?"

"मानवत रोडला डब्यात शेळी चढली. काळी, एका शिंगाची. सरळ मशीनवर पाय दिला."

"गाठ मारलेल्या चादरीवरून?"

"लय वजनदार शेळी होती, सर."

सर मला वजन दाखवणार, तेवढ्यात घंटा झाली. शिपायानं सरांना बाहेर काढलं आणि मशीन उचलून ताई आत गेल्या. जाताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं, एवढंच.

तो पाऊण तास मी व्हरांडा इतका तुडवला की फरशीत चाकोरी पडली. ताई बाहेर आल्या तसा मी आडवा गेलो.

"ताई, टॅब तेवढे राहू द्या मशीनवर!"

"काढून आले. तुमचा तक्ता वेगळा असणार, जुने टॅब नुसते आड येतात."

माझा चेहरा बघून त्या पायरीवर बसल्या. "सरांचे हात बघून शिकले मी. प्रत्येक रकान्यातला सगळ्यात लांब शब्द घ्या. त्याचे ठोके मोजा. मात्रा-उकार मोजू नका, त्यांना गाडी सरकत नाही. उरलेली जागा रकान्यांमधे सारखी वाटा. वाटणी झाली की कळ दाबून टॅब बसवा." मी त्यांच्या हिरव्या पदराच्या काठावर बोटानं ठोके मोजले. दहा मिनिटांत जे आलं, ते दोन वर्षांत आलं नव्हतं.

माझा तक्ता सहा रकान्यांचा आला. रकाने असे सरळ उतरले की गवंड्यानं ओळंबा लावायला घेऊन जावेत. पुढचा माणूस अजून यादीतच असेल.

शेळीची गोष्ट मात्र मी कचेरीत वर्षानुवर्षं सांगितली. दरवर्षी तिचं वजन वाढलं. एकदा सांगता सांगता शेळी इंजिनात शिरली होती, तेव्हा दारात वालूरच्या ताई उभ्या. आता त्याही कारकून, कुठल्याशा फायलीसाठी आलेल्या. त्यांनी गोष्ट पूर्ण ऐकली. सगळे हसून खुर्चीत परतले. फाईल माझ्या टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या,

"टॅब मी काढले होते. आदल्या दिवशी, सर प्रसादाचं खोबरं वाटत होते तेव्हा."