बारीक वाचता येतं, मोठं नाही

"पाहा मॅडम, अम्मी हे बारीक वाचते अन् हे मोठं नाई वाचत. असं असते का कुठं? नाटक करून राहिली ते."

इरफाननं पेपर माझ्यापुढे धरला. मी स्वतः पाहिलं. त्याच्या आईनं, शमीमआपांनी, बातमीतले बारीक शब्द वाचले. वरचं ठळक हेडिंग मात्र वाचता येईना.

मी अकोल्यात डोळ्यांची डॉक्टर आहे. असला पेशंट मी कधी पाहिला नव्हता.

आपा तेल्हाऱ्याच्या. वय साठीच्या आत, सारा जन्म शिवणकामात गेलेला. दोन-तीन वर्षांपासून शिलाई वाकडी जाऊ लागली. चष्मा बदलला, पुन्हा बदलला. मग उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. फरक नाही. कुणी टेन्शनच्या गोळ्या दिल्या. एमआरआय झाला, त्याच्या रिपोर्टात 'वयोमानानुसार बदल'. आता डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मायलेक आमच्याकडे आले होते.

तक्त्यावरची शेवटची ओळ आपांनी वाचली. डोळ्यांचा पडदा ठीक. डावा मोतीबिंदू होता, पण अगदी कोवळा.

आमचे सीनियर सर म्हणाले, "मोतीबिंदू आहे, पेशंटलाही ऑपरेशन हवंय. ऑपरेशनच्या लिस्टवर टाका."

"सर, पहिल्या ऑपरेशननं काही फरक पडला नाही."

"मग आहे काय?"

"माहीत नाही. थोडा वेळ द्या."

मी आपांना विचारलं, "नेमकं काय होतं?"

"मले दिसते जी," त्या म्हणाल्या, "पन सापडत नाई."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. मी टेबलावर कात्री, रीळ, टेप, चष्म्याची डबी असं सगळं पसरलं. "आपा, कात्री द्या." त्यांचा हात टेबलभर चाचपडत राहिला. रिळाचा रंग मात्र अचूक सांगितला. मग मी बाकी सगळं उचललं, एकटी कात्री ठेवली. त्यांनी लगेच घेतली.

आता हेडिंगचाही उलगडा होऊ लागला. एका वेळी त्यांना जेमतेम एवढासा तुकडा उमगत होता. बारीक शब्द त्यात मावायचा, मोठा मावत नव्हता. डोळा चित्र नीट घेत होता, ते जुळवणारा मेंदू थकला होता.

मी त्यांना अमरावतीला एका न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं. त्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून एमआरआयच्या फिल्म पाहिल्या, आणखी तपासण्या केल्या आणि मला फोन केला. "मेंदूचा मागचा भाग आक्रसलाय. पीसीए, म्हणजे पोस्टीरियर कॉर्टिकल अ‍ॅट्रोफी. डिमेन्शियाचाच प्रकार, फक्त सुरुवात नजरेपासून होते."

मायलेक परत आले तेव्हा इरफान मानायला तयार नव्हता. "डिमेन्शिया म्हंजे भुलनं ना? अम्मीले तर गिऱ्हाइकायची मापं तोंडपाठ हायेत!"

"आठवण पुढे कमी होईल. यांच्यात आधी नजरेचं काम बिघडलं."

"ऑपरेशननं बरं होईन?"

"नाही. गोळ्यांनी थोडा आधार मिळेल. पूर्ण बरं होत नाही."

आपा सगळं ऐकत होत्या. मला वाटलं, रडतील. त्यांनी विचारलं, "म्हंजे मी नाटक नोती करत?"

"नाही आपा."

"आयकलं का रे?" त्या लेकाकडे वळल्या. नजर त्याच्या खांद्याच्या जरा बाजूला गेली होती. इरफान खाली वाकला, आईच्या चपला तिच्या पायांशी सरळ करून ठेवल्या आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं नाही. घरी पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी लावली, गॅस सुनेनं हाती घेतला, ताटात एका वेळी एकच पदार्थ वाढू लागले. मशीन बंद झालं. हाताच्या अंदाजानं आपा काही महिने तुरपाई करत होत्या, मग तेही सुटलं. आता कधी कधी सुनेचं नाव विसरतात. पण 'नाटक करते' असं घरात कुणी म्हणत नाही.

कुणी "दिसत नाही" म्हणालं की मी पूर्वी लगेच तक्ता दाखवायची. आता आधी विचारते, काय करताना दिसत नाही? ओपीडीला उशीर होतो. सर कुरकुरतात.