कपाटातलं वायफाय

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. डोळखांबजवळच्या शाळेत मी मुख्याध्यापक होतो. संगणकाच्या बाईंनी शाळेच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स घातलं होतं आणि वर्गात त्याचं वायफाय सारखं तुटायचं. मधल्या सुट्टीत ऑफिसात आणला की नीट चाले. "सर, तुमाला घाबरतंय ते," असं म्हणून बाई हसत आणि पुन्हा खटपट करत बसत. मी शाळा समितीला सांगितलं, बाईंना हे जमत नाही. त्यांच्या कंत्राटाची मुदत वाढली नाही. पुढे नव्या लॅपटॉपचंही तेच झालं, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माकडांच्या भीतीने वायफायचा राउटर मी कुणाला न सांगता ऑफिसातल्या डांबरगोळ्यांच्या वासाच्या लोखंडी कपाटात ठेवला होता, आणि तास सुरू झाला की कपाट बंद करत होतो; सिग्नल लोखंडातच अडायचा. नंतर मुरबाडच्या एसटी स्टँडवर बाई भेटल्या. तिथल्याच शाळेत लागल्या होत्या, खुशीत होत्या. "काय सर, चालतं का वायफाय?" मी म्हटलं, "चालतं." चूक माझी होती बाई, माफ करा, एवढं मात्र मला म्हणता आलं नाही.