शून्य सेंटिमीटरचा सॅमन

आइंडहोवेनच्या पंचक्रोशीत ज्या कुणा मराठी माणसाला समुद्रावर जाऊन गळ टाकावासा वाटे, त्याला आधी बेस्ट नावाच्या गावी चंद्रहास दिघ्यांच्या घरचा चहा प्यावा लागे. चहाबरोबर बेचाळीस स्लाइड्स असत. पहिल्याच स्लाइडवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'मासा हा आपला ग्राहक आहे.' पाहुणा मान डोलवी आणि दुसरं बिस्कीट घेई.

दिघे चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात इंजिनियर. तिथे केसाच्या हजाराव्या भागाएवढी चूक सापडली तरी बैठक बसते. दिघ्यांनी तीच शिस्त समुद्राला लावली. भरती-ओहोटी, वारा, पाण्याचं तापमान, चंद्राची कला, सगळ्याचा अकरा वर्षांचा तक्ता त्यांच्या लॅपटॉपवर होता. एखाद्या रविवारी मासा लागला नाही, तर तो का लागला नाही याचा तीन पानी अहवाल तयार होई. दोष कधी वाऱ्याचा निघे, कधी शेजाऱ्याच्या रेडिओचा. दिघ्यांचा कधीच नसे.

त्यांची सूत्रं 'नेदरलँड्स गळकरी' या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठ होती. निळा शर्ट घालू नये, माशाला आभाळ खाली आल्याचा भास होतो. गळ टाकल्यावर अकरा मिनिटं दांडी हलवू नये. अकराच का, असं विचारायची कुणाची छाती नव्हती, कारण रविवारी संध्याकाळी दिघ्यांच्या ओट्यावरच्या माशाचा फोटो ग्रुपवर येई. बहुतेक वेळा सी-बास, म्हणजे आपल्या जिताड्याचा गोरा चुलतभाऊ. खाली चाळीस अंगठे पडत. 'मानलं काका!'

आता खरं सांगायचं तर अकरा वर्षांत दिघ्यांच्या गळाला दोन बूट, भरपूर शेवाळ आणि तळहाताएवढी एक चपटी मासोळी लागली होती. ती मासोळीही स्वतःच सुटून गेली. पहिल्याच रविवारी रिकाम्या हाताने परतताना त्यांना आठवलं, की सुनेत्राने सकाळीच वाटण वाटून ठेवलंय. बाई पेणची. माहेरी जिताडा जावयाच्या मानाचा मासा. तिच्यासमोर रिकामी पिशवी कशी धरायची? वाटेत रॉटरडॅमजवळ माशाचं एक दुकान लागलं. दिघे थांबले, बर्फातला एक ऐटबाज सी-बास घेतला आणि घरी येऊन म्हणाले, "हा बघ, लागला एकदाचा!" सुनेत्राने मासा हातात घेतला, उलटसुलट पाहिला, म्हणाली, "छान आहे." त्या दिवसापासून ते दुकान दिघ्यांच्या समुद्राचा भाग झालं. एक खोटं पचलं, की दुसरं गिळायला त्रास होत नाही.

यंदा सप्टेंबरात घात झाला. ग्रुपचा चालक अंबरीश, आल्मेरेचा उत्साही पोरगेला गडी, याने हुक फान हॉलंडच्या धक्क्यावर भरणाऱ्या एका मच्छीमार क्लबच्या स्पर्धेत गळकऱ्यांचा संघ घातला आणि संघनायक म्हणून दिघ्यांचं नाव दिलं. दिघ्यांनी पाठदुखी सांगून पाहिली. अंबरीश म्हणाला, "काका, खुर्ची आणतो." त्यात सुनेत्रा म्हणाली, "मीपण येते. एकदा बघू दे तरी मला." बायको गाडीत असताना दुकानाशी थांबणार कसं? म्हणजे त्या दिवशी खरा मासा लागायलाच हवा होता. नाहीतर अकरा वर्षांची अब्रू, ग्रुपवरची आणि घरातलीसुद्धा, त्या धक्क्यावरून समुद्रात जाणार होती.

स्पर्धेचे नियम सोपे होते. मासा पट्टीवर ठेवायचा, फोटो काढायचा, पंचांना दाखवायचा. जितके सेंटिमीटर, तितके गुण. मग मासा पाण्यात सोडायचा, किंवा कायद्यात बसत असेल तर घरी न्यायचा. सॅमन लागला तर मात्र पट्टी नाही, फोटो नाही, गुण नाहीत. तो या देशात धरायलाच बंदी आहे, पाण्याबाहेरही न काढता सोडून द्यायचा. हा नियम वाचताना दिघे हसले होते. ज्याला आजवर बूट लागले, त्याला सॅमनची काय भीती?

सकाळी आठला गळ पडले. दिघ्यांनी तक्ता काढला, वाऱ्याची दिशा पाहिली, घड्याळ लावलं. अंबरीश निळा शर्ट घालून आला होता. शेजारच्या डच आजोबांनी दिलेले समुद्री किडे त्याने गळाला लावले, दांडी हवी तशी हलवली, मोठ्याने गप्पा मारल्या आणि दहाच्या आत दोन सी-बास काढले. "काका, तुमचीच शिकवण!" असं तो बाकीच्या गळकऱ्यांबरोबर धक्क्याच्या दुसऱ्या टोकाकडे सरकताना ओरडला. दिघ्यांनी हात वर केला. दुसरं काय करणार?

अकरा वाजले, बारा वाजले. सुनेत्रा घडीच्या खुर्चीवर बसून विणत होती. तिच्या सुयांची टिकटिक दिघ्यांना वाऱ्यापेक्षा जास्त झोंबत होती. एकदा त्यांनी "आज दाब कमी आहे हवेचा" असं सुरू केलं. ती म्हणाली, "असेल," आणि टाके मोजत राहिली.

स्पर्धा संपायला अर्धा तास असताना दिघ्यांची दांडी वाकली. शेवाळ असेल म्हणून त्यांनी वैतागून ओढली, तर पलीकडून कुणीतरी त्याहून वैतागून ओढली. रीळ किंचाळायला लागलं. अशा वेळी काय करावं हे सत्ताविसाव्या स्लाइडवर होतं, पण दिघ्यांना त्यातला एक शब्द आठवेना. "अगं सुनेत्रा!" एवढंच ते म्हणाले. सुनेत्राने विणकाम टाकलं आणि मागून त्यांचा पट्टा घट्ट धरला. दगडांवर शेवाळ होतं आणि नवरा एकच होता.

वीस मिनिटं ती ओढाताण चालली. शेवटी धक्क्याच्या उतारावर, गुडघाभर पाण्यात उतरलेल्या दिघ्यांसमोर मासा कुशीवर वळला. चांदीसारखा, पाठीवर काळे ठिपके, लांबलचक. पंच विम, सत्तरी ओलांडलेले उंच गृहस्थ, घाईघाईने पट्टी घेऊन आले, वाकून पाहिलं आणि त्यांनी पट्टी बगलेत मारली.

"सॅमन," ते इंग्रजीत म्हणाले. "सुंदर आहे. सोडा लवकर, दमलाय तो."

दिघ्यांनी वर पाहिलं. सुनेत्राचा फोन तिच्या हातात होता. एक फोटो, एका सेकंदाचं काम! विम तोंड फिरवण्याइतके भलेही दिसत होते. पण माशाचे कल्ले जोरजोरात हलत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच दिघ्यांच्या हातात असा मासा होता ज्याला अजून मरायचं नव्हतं. बर्फातले मासे असं काही मागत नसत.

"राहू दे फोटो," ते म्हणाले. त्यांनी पाण्यातच गळ सोडवला. जबड्याच्या कोपऱ्यात छोटंसं भोक पडलं होतं. प्रवाहाकडे तोंड करून त्यांनी माशाला शेपटीशी धरून ठेवलं, जरा वेळ, मग आणखी जरा वेळ. एकाएकी शेपटीचा फटका बसला, दिघ्यांच्या तोंडावर पाणी उडालं आणि हात रिकामे झाले. ते रडत होते की काय, हे त्या खाऱ्या पाण्यात कळायला मार्ग नव्हता. सुनेत्राला मात्र कळलं.

फलकावर निकाल लागला. अंबरीश, एकशे एकतीस सेंटिमीटर. दिघे, शून्य. विम पुढच्या कामाला निघून गेले होते, सुनेत्रा गाडीत सामान ठेवत होती. "मला सॅमन लागला होता," दिघे म्हणाले. गळकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "हो का काका? वा!" अंबरीश म्हणाला, लहान मुलाशी बोलावं तशा प्रेमाने. "फोटो आहे?"

परतीच्या वाटेवर ते दुकान आलं आणि गेलं. दिघ्यांनी समोरची नजर हलवली नाही.

"आज थांबायचं नाही का?" सुनेत्राने विचारलं.

गाडी जराशी डगमगली.

"अरे, मी पेणची आहे. गळाने धरलेल्या माशाच्या जबड्यात भोक असतं. अकरा वर्षांत तू आणलेल्या एकाही डोक्याला मी भोक पाहिलं नाही, गाडीत या दुकानाच्या पावत्या मात्र पाहिल्या. डोक्याचं कालवण कोण करतं आपल्याकडे?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतका खूश होऊन यायचास. आणि मासा ताजा असायचा, खोटं कशाला बोलू?"

घरी पोचल्यावर दिघ्यांनी ओल्या विजारीतच फोन घेतला आणि ग्रुपवर लिहिलं, 'मित्रहो, आजवर टाकलेले सगळे मासे विकतचे होते. आजचा सॅमन खरा होता.' उत्तरं यायला लागली. 'काका, काय विनोद!' 'केवढा हा नम्रपणा!' एकाने हसून रडणारे सात चेहरे टाकले. अंबरीशने लिहिलं, 'हरल्याचं मनावर घेऊ नका. ते सॅमनचंही राहू द्या. पुढच्या रविवारी स्लाइड्सचा क्लास आहे ना?' अकरा वर्षांचं खोटं कुणी खोटं मानायला तयार नव्हतं, आणि एका दिवसाचं खरं कुणी खरं.

दिघ्यांनी फोन पालथा ठेवला. सुनेत्राने सकाळच्या वाटणात अंडी सोडली होती. दोघं जेवायला बसली.

"केवढा असेल गं?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. त्यांनी दोन्ही हात समोर धरले, अंतर पाहिलं आणि स्वतःचाच भरवसा न वाटून ते वीतभर जवळ आणले.

सुनेत्राने उष्टा हात ताटात टेकवला, डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं आणि बाहेर ओढलं, होतं त्याच्याही पलीकडे.

"एवढा होता," ती म्हणाली. "मी पाहिलाय."