आडनावाचा गृहपाठ

इथे आखातात, सखीरच्या विद्यापीठात मी राष्ट्रीय ओळख हा विषय शिकवते. गृहपाठ दिला होता: अनोळखी माणूस कुणापैकी, हे तुमच्याकडे कसं काढतात?

स्वतः मात्र इथल्या मराठी मंडळींत मी आडनाव गाळून नुसतं नाव सांगून सटकायचे. आयुष्यभर जातिअंताची पत्रकं वाटली आणि ही तऱ्हा!

शुक्रवारी अदलिया भागात एका मराठी घरी जेवायला गेले. यजमान काका आमटी वाढताना म्हणाले, "आडनाव काय गं?"

सांगितलं.

"म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?"

"काका, सरळ जात विचारा ना. बौद्ध आहे मी. आता आमटी वाढा."

डाव हवेतच थांबला. "अगं, मी आपलं सहज..."

रविवारी, इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, वर्गात पहिला गृहपाठ मीच वाचला: हाच, आमटीचा. एक इथलीच अरब विद्यार्थिनी खुदकन हसली. "डॉक्टर, शिया की सुन्नी हे काढायला माझी आजीसुद्धा आडनाव सहजच विचारते!"