आफ्के कुणाला बोलावत नसे

आफ्के विअर्समाने उभ्या आयुष्यात आपल्या वाढदिवसाला कुणाला बोलावलं नाही. बोलवायचं कशाला? नऊ मार्चला सकाळी दहा वाजता कॉफी चढे, बैठकीत खुर्च्या गोलात मांडल्या जात, आणि ज्याला यायचं तो आपणहून येई. येणाऱ्याने आधी आफ्केचा हात हातात घ्यायचा, मग गोलातल्या एकूणएक माणसाचं अभिनंदन करायचं. मुलाला म्हणायचं, आईच्या वाढदिवसाचं अभिनंदन. सुनेला म्हणायचं, सासूच्या वाढदिवसाचं अभिनंदन. सून ते कसं घेई हा तिचा प्रश्न. डच मुलखातल्या फ्रीसलंडमध्ये आफ्केच्या आजीच्या घरी हीच रीत होती, आणि समुद्र ओलांडून कॅनडात आल्यावरही ती बदलली नाही. आमंत्रण परक्याला असतं. आपल्या माणसाने यायचं असतं.

रीत तशी चांगली. तिच्यात खोट एकच. जो येत नाही, त्याला 'का आला नाहीस' असं विचारायची सोय तिच्यात नाही.

आफ्के आणि तिचा नवरा मेल्ले १९५२ साली बोटीने ओंटारिओत आले, तेव्हा दोन वर्षांची रिन्स्के तिच्या मांडीवर ओकून ओकून मलूल झाली होती. ज्या शेतकऱ्याने त्यांना कामाला बोलावलं होतं, त्याने राहायला कोंबड्यांचं खुराडं दिलं. आफ्केने ते तीन दिवस घासलं, चुना लावला आणि खिडकीला पडदा लावला. दिवसभर ती बीटच्या ओळी खुरपायची. ओळीच्या टोकाला सफरचंदांच्या रिकाम्या खोक्यात रिन्स्के बसलेली असे, आणि आफ्के तोंड वर करून तिला हाक मारत मारत ओळ संपवी. सहा वर्षांनी त्यांनी स्वतःची जमीन घेतली, बारा गाई घेतल्या. आणखी पाच मुलं झाली. रिन्स्के दहा वर्षांची झाली तशी आईच्या शेजारी स्टूल घेऊन दूध काढायला बसू लागली. मेल्ले प्रार्थनेचा माणूस, बोलण्याचा नव्हे. त्यामुळे आफ्केचं जे काही बोलणं व्हायचं ते गोठ्यात, या पोरीशी.

'एक डच माणूस म्हणजे एक धर्मपंडित, दोन म्हणजे एक चर्च, आणि तीन म्हणजे चर्चमध्ये फूट,' असं ही माणसं स्वतःच हसत सांगतात. हसतात आणि पुन्हा फुटतात. तिकडे मायदेशी, ऐन महायुद्धात, शत्रूचे शिपाई दाराशी असताना, बाप्तिस्मा घेतलेल्या तान्ह्या बाळाला देवाने नेमकं काय वचन दिलेलं असतं यावरून त्यांचं चर्च दुभंगलं. स्थलांतर करताना लोकांनी लाकडी पेट्यांत चिनी मातीच्या बश्यांबरोबर ती फूटही नीट बांधून आणली. म्हणून त्यांच्या गावाबाहेर एकाच रस्त्यावर, समोरासमोर, लाल विटांची दोन चर्चं उभी होती. रविवारी दोन्हींकडे सकाळ-दुपार दोनदा उपासना चाले आणि दोन्हींकडच्या मोटारींच्या रांगा एकमेकींकडे बघत नसत.

१९७१ साली रिन्स्केने समोरच्या चर्चमधला डुर्क हैदेमा पसंत केला. लग्नानंतर बायकोने नवऱ्याच्या चर्चमध्ये जायचं हे ठरलेलंच. मेल्ले त्या वर्षी आपल्या चर्चच्या वडीलधाऱ्यांच्या मंडळावर होता.

"पोरगा वाईट आहे का, बाबा?" रिन्स्केने विचारलं.

"पोरगा चांगला आहे. त्याचं चर्च वाईट आहे."

"नुसता रस्ता तर ओलांडायचाय."

"मग त्याला सांग की ओलांडायला. त्याचे काय पाय मोडलेत?"

रिन्स्केला हसू आलं. आता आई मध्ये पडेल म्हणून तिने आफ्केकडे पाहिलं. आफ्के बटाटे सोलत होती.

लग्नाच्या दिवशी आईबाप गेले नाहीत. गाईंना लग्नाबिग्नाचं काही नसतं, त्यांचं दूध त्या वेळेला काढावंच लागतं, असं मेल्ले म्हणाला. आदल्या दिवशी सूटकेस घेऊन निघताना रिन्स्के स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती. "आई, मार्चमध्ये मी आले तर चालेल ना?" मेल्ले टेबलापाशी बसला होता. 'ये' एवढंच म्हणायचं होतं. आफ्केला तेवढं एक अक्षर नवऱ्यादेखत तोंडातून काढवलं नाही. नंतर मनाशी म्हणाली, न म्हणता कळेल तिला, माझीच पोर आहे.

मार्चमध्ये रिन्स्के आली नाही. तिच्या वाटचा केकचा तुकडा आफ्केने झाकून ठेवला होता.

"थोरली नाही दिसत ती?" शेजारच्या सीत्स्केने चारचौघांत खोचून विचारलं.

"त्यांच्या गाई व्यायल्यात."

दुसऱ्या वर्षीही तेच विचारलं गेलं आणि तेच उत्तर दिलं गेलं. पुढे पुढे कुणी विचारेनासं झालं. हैदेमांच्या गाई मात्र चाळीस मार्च व्यात राहिल्या.

अबोला होता असं नव्हे. वाण्याच्या दुकानात, लिलावाच्या बाजारात गाठ पडे. "कशी आहेस?" "बरी आहे. तू?" मागे रिन्स्केची चार मुलं पायरीपायरीने उभी असत. आफ्के पर्समधून एकेकाला पेपरमिंटची गोळी देई. तेवढंच तिचं आजीपण. घरी आल्यावर कोणता नातू कुणाच्या तोंडवळ्याचा यावर ती दोन दोन दिवस विचार करी, पण बोलणार कुणाशी?

१९९८ साली मेल्ले गेला. रिन्स्के बापाच्या अंत्यविधीला येऊन मागच्या बाकावर बसली आणि कॉफीला न थांबता गेली. आता आड येणारं कुणी उरलं नव्हतं, आणि हे आफ्केला पुरतं ठाऊक होतं. शेती सांभाळणारा धाकटा मुलगा वोब्बे एकदा न राहवून बोलला.

"आई, एक फोन कर तिला."

"पोटच्या पोरीला पाहुणीसारखं बोलावू? तिला रस्ता माहीत आहे."

"रस्ता इकडूनही जातो, आई."

"मला शहाणपण शिकवू नकोस. वासरांना पाजलंस का?"

वोब्बे गोठ्यात गेला. त्या घरात आफ्केपुढे कुणाचं चालत नसे. पाच मुलं, पाच सुना-जावई, एकतीस नातवंडं तिच्या एका नजरेत चूप बसत, आणि त्याचा तिला थोडा गर्वही होता. गर्वाचं घर खाली म्हणतात, पण ते खाली यायला कधी कधी चाळीस वर्षं लागतात.

२०११च्या सप्टेंबरात रिन्स्के सकाळचं दूध काढताना कोसळली. डोक्यातली शीर फुटली होती. डुर्क पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वय एकसष्ट.

पोरीच्या अंत्यविधीला आफ्केने पहिल्यांदा समोरच्या चर्चमध्ये पाऊल ठेवलं. बाकांवरून पेपरमिंटच्या गोळ्या तिच्या चर्चमधल्यासारख्याच हातोहात सरकत होत्या. स्तोत्रं तीच, चाल तीच, म्हाताऱ्यांचं मागे रेंगाळणंही तेच. फरक कुठे आहे म्हणून ती नजर फिरवत राहिली. तिला फक्त सतरंजीचा रंग वेगळा दिसला.

नंतर कॉफीच्या वेळी डुर्क तिच्याजवळ येऊन बसला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

"तुमची खुर्ची असायची दरवर्षी," तो म्हणाला.

"कुठे?"

"आमच्याकडे. चौदा नोव्हेंबरला, तिच्या वाढदिवसाला. दहाला कॉफी टाकायची, खुर्च्या मांडायची, आणि दाराजवळची कुणाला बसू द्यायची नाही. मी म्हणायचो, अगं, आईला एक फोन तरी कर. तर मलाच हसायची. म्हणायची, आईला कुणी बोलावतं होय?"

आफ्केने कप बशीत ठेवला.

चाळीस वर्षं तिने एकच तारीख मोजली होती, स्वतःची. चौदा नोव्हेंबर तिला माहीत नव्हता थोडाच? त्या दिवशी तिनेच तर कळा सोसल्या होत्या. दरवर्षी तो दिवस ती पीठ मळत, कुणाशी न बोलता ढकलत असे. पण आपल्या माणसाने न बोलावता जायचं असतं ही रीत आपल्यालाही लागू आहे, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. पोरगी तिच्याच वळणावर गेली होती. तीही आपल्या दाराशी कान लावून बसली होती, तितकीच हट्टाने, तितक्याच मायेने. आणि वाट बघणं थांबवायचा मान वडीलधाऱ्या माणसाचा असतो. तो आफ्केने घेतला नाही.

चौदा नोव्हेंबरला सकाळी तिने चांगला कोट चढवला.

"गाडी काढ," ती वोब्बेला म्हणाली.

"कुठे?"

"वाढदिवसाला."

वोब्बे किल्ल्या घ्यायला गेला. बारा मिनिटं लागली. तो गाडीतच बसून राहिला.

डुर्कने मोज्यांवरच दार उघडलं. दाढी वाढली होती. "आई..." तो अडखळला. "मी काही मांडलं नाहीय हो. म्हटलं, आता कोण येणार."

"तू बस. कॉफी मी टाकते."

त्या स्वयंपाकघरात ती पहिल्यांदाच उभी होती. चुलीवरचं कपाट उघडून तिने दुसऱ्या फळीवर हात घातला आणि कॉफीचा डबा हाताला लागला. गाळणीचे कागद त्याच्या मागे उभे. चमच्यांसाठी तिने न बघता टॉवेलांचा खण ओढला. टॉवेलांखाली चमचे साऱ्या मुलुखात आफ्केखेरीज कुणी ठेवत नाही, तिच्या सुना यावरून तिची पाठीमागे टिंगल करतात. चमचे तिथेच होते. साखर, कप, भांडी उचलायचं फडकं, काहीच तिला शोधावं लागलं नाही. पाणी उकळत होतं आणि ती उघड्या खणापाशी तशीच उभी होती.

"सापडतंय ना?" डुर्कने बाहेरून विचारलं.

"सापडतंय," ती म्हणाली. "सगळं सापडतंय रे. मी यायला हवं होतं."