डाव्या डोळ्याची शिकवणी

ओळंबा मिस्त्रींनी जन्मभर एकच डोळा वापरला म्हटलं तरी चालेल. म्हणजे जेवायला, चालायला, बायको कितपत रागावली आहे ते बघायला दोन्ही. पण कामाला फक्त उजवा. फळी रंधून झाली की तिचं टोक गालाशी लावायचं, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने कडेवरून नजर पार टोकापर्यंत सोडायची. चाळीस वर्षं हेच. बोलणंही असंच सरळसोट, म्हणून तर भिंत उभी सरळ आहे का ते बघायच्या दोरीवरून ओळंबा हे नाव पडलं. एका गिऱ्हाइकाला त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "दार सरळ आहे साहेब, भिंत तिरकी आहे." आणि निघालीही तिरकीच!

तर एके सकाळी त्यांना फळीवर उंचवटा दिसला. बरोबर मध्ये. रंधा मारला, बघितलं, उंचवटा तिथंच. पुन्हा रंधा. दुपारपर्यंत तीन फळ्या झाल्या, उंचवटा काही हलेना. मिस्त्रींच्याच कारखान्यात पॉलिश मारणाऱ्या दोस्ताने एक फळी उचलून बघितली.

"अरे ओळंब्या, हिचं पोट पार आत गेलंय की! उपाशी ठेवलीस काय?"

"लाकूडच खराब आलंय."

"तिन्ही फळ्या खराब? जा, आधी डोळा दाखवून ये."

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, आत उजेड टाकून बराच वेळ बघितलं, यंत्राने मोजमापं घेतली. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "उजव्या डोळ्याच्या पडद्याखाली गाठ आहे. कर्करोगाची. तिने पडदा उचललाय, म्हणून सरळ वस्तू तुम्हाला वाकडी दिसते."

सोबत आलेल्या बायकोने मिस्त्रींचा दंड गच्च धरला.

"डोळा काढणार?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही काढावा लागणार. एक छोटी चकती असते, बाटलीच्या झाकणापेक्षाही लहान. तिच्यातून किरणं निघतात. गाठीच्या बरोबर मागे, डोळ्याच्या बाहेरच्या बाजूने ती टाके घालून बसवायची. पाच दिवसांनी काढायची. गाठ जळते, बाकीच्या अंगाला फारशी झळ लागत नाही."

"म्हणजे बाहेरून ठिगळ."

"अगदी! पण एक ऐका. आम्ही आधी जीव वाचवतो, मग डोळा, मग नजर. ह्या डोळ्याची नजर कमी होणार, असंच धरून चला."

जिवाचं ऐकून न हललेले मिस्त्री आता मात्र हादरले. मग फळी बघायची कशाने?

चकती बसली. किरणांमुळे पाच दिवस एका खोलीत एकटे. गरोदर लेकीला तर येऊच दिलं नाही. बायकोला थोडाच वेळ, तोही दाराजवळच्या खुर्चीवरून.

"लग्न ठरायच्या आधीसुद्धा इतक्या लांबून बोलला नव्हतात," ती म्हणाली. मिस्त्री हसले आणि टाके दुखले.

गाठ महिन्या-महिन्याने आकसत गेली. उजव्या डोळ्यापुढे मात्र धुकं आलं ते राहिलंच. आता डाव्यालाच कामाला लावायचं, तर भलतीच पंचाईत! मिस्त्रींना एकटा उजवा डोळा मिटताच येईना. मिटायला गेलं की दोन्ही मिटत. हाताने झाकावा तर फळी धरायला हात उरत नाही. पट्टी बांधावी तर घामाने घसरते. मग आरशासमोर सराव सुरू झाला.

"कुणाला डोळा मारताय ह्या वयात?"

"तुलाच."

"मग एकच मारा की! दोन्ही मिटून बसलात तर मला वाटेल झोप आली."

सरावात तोंड वाकडं होई, कान हलत. बसथांब्यावर तर एका बाईंनी छत्री उगारली. पण दोन महिन्यांनी एक दिवस उजवी पापणी एकटीच खाली आली.

पहिलं काम घेतलं ते एका घराच्या दाराचं. मिस्त्रींनी फळी डाव्या गालाशी लावली, नजर सोडली, आणि घाबरून दोस्ताला हाक मारली. "जरा बघ ना, सरळ आहे का?"

"मी नाही बघणार. सुतार तू आहेस."

मिस्त्रींनी पुन्हा बघितलं. दहादा बघितलं. मग दार जुळवलं, बिजागऱ्या ठोकल्या, चौकटीत बसवलं आणि बाजूला उभे राहिले. घराच्या मालकीणबाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आल्या. त्यांनी कोपराने दार लोटलं, बोलत बोलत आत गेल्या आणि टाचेने मागे ढकललं. आवाज न करता ते चौकटीत जाऊन बसलं. बाईंनी वळूनसुद्धा बघितलं नाही.

बंद दारासमोर मिस्त्री एकटेच हसत उभे होते.